गावाचा आराखडा गावानेच करावा

खेड्यात नवी घरे कुठे व्हावीत, किती व्हावीत आणि कोणासाठी व्हावीत, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? बहुतेक ठिकाणी हा निर्णय दूरच्या कार्यालयात होतो आणि गावाला तो नंतर कळतो. मग हरकती, मोर्चे आणि न्यायालयाच्या पायऱ्या सुरू होतात. इंग्लंडमध्ये यासाठी एक निराळा मार्ग उपलब्ध आहे. तेथे गावातील स्वयंसेवक आपल्या परिसराच्या घरबांधणीचा आराखडा स्वतः तयार करू शकतात आणि गावाने कौल दिल्यास त्याला कायद्याचे बळ मिळते.

हा अधिकार २०११ च्या ‘लोकॅलिझम ॲक्ट’ या कायद्याने दिला. ग्रामीण भागात पुढाकार सहसा ‘पॅरिश कौन्सिल’ घेते. हे नाव वाचून आपल्याला धर्मग्रामातील पॅरिश कौन्सिल आठवेल. परंतु ही चर्चची संस्था नव्हे. १८९४ च्या कायद्याने तेथील गावकारभार चर्चपासून वेगळा झाला, नाव मात्र जुनेच राहिले. आपल्या ग्रामपंचायतीशी तिचे साम्य अधिक आहे.

काम कसे चालते? प्रथम आराखड्याचे क्षेत्र निश्चित करून मान्य करून घ्यावे लागते. त्यानंतर स्वयंसेवकांचा गट घरोघरी प्रश्नावली देतो, सभा घेतो, मोकळ्या जागांची पाहणी करतो. किती तरुण जोडप्यांना स्वतंत्र घर हवे आहे, किती वृद्धांना लहान घरात राहणे सोयीचे होईल, पुराचे पाणी कोठे येते, ही माहिती गोळा होते. तयार झालेला मसुदा किमान सहा आठवडे लोकांपुढे ठेवला जातो. पुढे नियोजन प्राधिकरण त्यावर पुन्हा सूचना मागविते, स्वतंत्र परीक्षक त्याची छाननी करतात आणि शेवटी त्या क्षेत्रातील मतदार सार्वमत देतात. निम्म्याहून अधिक मते अनुकूल पडली की तो अधिकृत नियोजनाचा भाग होतो व बांधकामाच्या प्रत्येक अर्जाचा निर्णय करताना तो विचारात घ्यावाच लागतो.

या मार्गाने सर्वप्रथम गेला तो कंब्रिया परगण्यातील अप्पर ईडन हा डोंगराळ शेतीप्रदेश. तेथील १७ पॅरिशांनी एकत्र येऊन आराखडा केला. ७ मार्च २०१३ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ९० टक्के मते अनुकूल पडली. स्थानिक कुटुंबांना परवडणारी घरे, शेतावर राहणाऱ्यांसाठी घरे आणि वृद्धांसाठी घरे यांना त्यात स्थान मिळाले. ‘बांधकाम नको’ एवढेच सांगून हे लोक थांबले नाहीत. आपल्या मुलांना गाव सोडावे लागू नये म्हणून कोणती घरे हवीत, हे त्यांनी सांगितले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वरिष्ठ आराखड्याने ठरविलेल्या घरांपेक्षा कमी घरे गावाला सुचविता येत नाहीत. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आईव्हज या गावाने २०१६ साली सार्वमताने ठरविले, की नवे घर कायम राहणाऱ्यासाठीच असावे, सुटीतील मुक्कामासाठी नव्हे. पण हा नियम नव्या घरांपुरताच होता; जुनी घरे त्यातून सुटली. शिवाय काम स्वयंसेवकांचे असल्याने ज्यांच्याकडे वेळ व शिक्षण आहे, त्यांचाच आवाज मोठा होण्याचा धोका असतो.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला ही कल्पना परकी नाही. जे कार्य लहान समुदाय स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात मांडले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ मध्ये नियोजनात तेथील रहिवाशांचे म्हणणे ऐकले जावे असे सांगितले आणि घराचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडला.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने आपल्या वाड्या व पाणी वाचविण्यासाठी आवाज उठविला. मात्र इंग्लंडसारखा अधिकार आपल्याकडे नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि २०१५ पासून ग्रामपंचायती विकास आराखडे करतात. पण त्यांत भर असतो तो निधी व कामांवर. जमिनीचा वापर प्रादेशिक योजना किंवा शहराचा विकास आराखडा ठरवितो. तेथे नागरिकाच्या हाती असते ती हरकत व सूचना.

म्हणूनच पूर्वतयारी महत्त्वाची ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर घाईघाईने सह्या गोळा करण्याऐवजी आधीच आपल्या गावाची मोजणी करता येईल: विहिरी, बावखले, नाले, वाड्या, रिकामी घरे आणि घराची गरज असलेली कुटुंबे. या मोजणीत जमीनदार जसा यावा, तसाच भाडेकरू, आदिवासी पाड्यावरचा शेजारी आणि कामासाठी आलेला मजूरही यावा. ज्या आराखड्यात गरिबाच्या घराला जागा नाही, तो गावाभोवतीची भिंत होतो. आपल्या धर्मग्रामातील सेवाभावी संस्थांनी व तरुणांनी इतर धर्मीय शेजाऱ्यांना बरोबर घेऊन हे काम हाती घ्यावे. गावाकडे स्वतःचा नकाशा तयार असेल, तर त्याच्या शब्दाला अधिक वजन येईल.