शहरी पर्यावरण संनियंत्रण

शहरी पर्यावरण संनियंत्रण म्हणजे शहरातील हवा, पाणी, ध्वनी व घनकचरा यांची ठरावीक ठिकाणी, ठरावीक कालावधीने व प्रमाणित पद्धतीने मोजणी करून शहराच्या पर्यावरणीय आरोग्याचे मूल्यमापन करण्याची प्रक्रिया होय. एका मोजणीतून केवळ त्या वेळची स्थिती कळते. प्रदूषण वाढत आहे की घटत आहे, हे सलग नोंदींवरूनच ठरवता येते.

कायदेशीर चौकट

भारतात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४, हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हे या विषयाचे प्रमुख कायदे आहेत. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ६७अ नुसार आयुक्तांनी मागील वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी महानगरपालिकेपुढे ठेवणे आवश्यक आहे.

हवा व ध्वनी

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील १० मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांची २४ तासांची सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा, तर २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांची ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर पोहोचत असल्याने त्यांची मर्यादा अधिक कडक आहे. मानवचलित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात किमान १०४ वेळा नमुने घेणे अपेक्षित असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे.

पाणी

पिण्याच्या पाण्याची मानके भारतीय मानक १०५०० मध्ये दिलेली आहेत. त्यानुसार १०० मिलिलीटर पाण्यात ई-कोलाय जीवाणू आढळू नयेत आणि नायट्रेटचे प्रमाण लीटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लीटरला १ मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

लहान शहरे : उमरखेड

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्यातील पैनगंगा खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपरिषद आहे. अशा शहरांत हवेइतकेच, किंबहुना अधिक लक्ष पाण्याकडे द्यावे लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. खडकांतील खनिजे पाण्यात विरघळल्याने ते भूजलात उतरते. अशा पाण्याच्या दीर्घकाळ सेवनाने दातांवर डाग पडतात व हाडांचे विकार जडतात. या प्रमाणातील फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते आणि पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासणी हाच ते ओळखण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो. नायट्रेटचेही तसेच आहे. शेतातील खते आणि सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे होत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाण्याची गुणवत्ता मात्र ऋतूनुसार बदलते : पावसाळ्यात जीवाणूंचा शिरकाव वाढतो, तर उन्हाळ्यात पातळी खालावल्यावर विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण अनेकदा वाढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोन्ही वेळा तपासणी आवश्यक ठरते.

नोंदींचा उपयोग

नमुना कोठून, कोणत्या तारखेस व कोणत्या पद्धतीने घेतला याची नोंद नसल्यास दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. दूषित आढळलेला स्रोत पिण्यासाठी बंद करणे, पर्यायी पुरवठा करणे आणि निष्कर्ष नागरिकांना समजेल अशा भाषेत जाहीर करणे, या कृती झाल्या तरच संनियंत्रणाचा हेतू साध्य होतो.