अप्रौढ कुरव पक्ष्यांची ओळख पटवायची असेल, तर डोके नव्हे, पंखाचे टोक पाहा

नवा रायपूर : सेंध आणि झांझ या तलावांमुळे छत्तीसगडच्या नव्या राजधानीत पाणपक्ष्यांचे निरीक्षण शहरातच करता येते. बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशय डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरल्यानंतर पक्ष्यांच्या अचूक नोंदींचे महत्त्व आणखी वाढले आहे. या नोंदींमध्ये हमखास गफलत होते ती अप्रौढ कुरवांच्या, म्हणजेच ‘सीगल’च्या बाबतीत.

कुरव केवळ समुद्रकिनारीच आढळतात, हा समज खरा नाही. हिवाळ्यात ते उजनीसारख्या देशांतर्गत जलाशयांवरही उतरतात. भारतात येणाऱ्या लहान कुरवांपैकी तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा या दोन प्रजाती दिसायला अत्यंत सारख्या आहेत. पहिली लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरील सरोवरांकाठी वीण करते, तर दुसरी युरोप व आशियाच्या उत्तर भागात.

ही नावे हिवाळ्यात उपयोगी पडत नाहीत. विणीचा हंगाम संपताच डोक्यावरचा गडद रंग जातो आणि कानामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. पहिल्याच हिवाळ्यातील पक्ष्यांमध्ये पंखांवर तपकिरी छटा, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि काळ्या टोकाची फिकट नारिंगी चोच ही लक्षणेही दोन्हींत समान असतात.

फरक दिसतो तो उडताना. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढील कडेला टोकाकडे जाणारा पांढरा पट्टा असतो. अप्रौढ पक्ष्यात त्याला काळी किनार असली, तरी तो लक्षात येतो. तपकिरी डोक्याच्या कुरवात मात्र पंखाचे टोक बरेचसे काळे असते. प्रौढांच्या काळ्या टोकावर दिसणारे पांढरे ठिपके अप्रौढांत सहसा नसतात. आकाराचाही आधार घेता येतो. तपकिरी डोक्याचा कुरव सुमारे ४१ ते ४५ सेंटिमीटर लांब असून त्याची चोच जाड असते. काळ्या डोक्याचा कुरव त्याहून सडपातळ असतो. तरीही, शेजारी दुसरा पक्षी नसताना केवळ आकारावर विसंबणे धोक्याचे ठरते.

डोळ्याच्या रंगाबाबतही सावधगिरी हवी. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट असतो. अप्रौढाचा मात्र गडदच असतो. त्यामुळे गडद डोळा दिसला म्हणून तो काळ्या डोक्याचाच, असा निष्कर्ष काढता येत नाही. बसलेल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखांचे टोकही दोन्हींत काळेच दिसते. म्हणून पक्षी उडेपर्यंत थांबावे आणि पंख पूर्ण उघडलेला असताना छायाचित्र घ्यावे. त्यासाठी थव्याला मुद्दाम उडवू नये.

हा काटेकोरपणा केवळ हौसेपुरता नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी नियमितपणे ज्या पाणथळ जागेवर येतात, ती रामसर कराराच्या निकषांनुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. दोन प्रजातींची सरमिसळ झाल्यास हे गणितच चुकते. म्हणून खात्री नसेल तेव्हा अंदाजाने नाव लिहू नये. ‘कुरव, प्रजाती अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. ती अपुरी असली, तरी चुकीची नसते.