पाटीला 'आवडलं जी' एवढं पुरत नाही

कोहमाऱ्याच्या चौकाजवळच्या एका ढाब्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने पाटीचा आराखडा केला. पिवळ्यावर काळं नाव, खाली बाण, बस्स. मालकांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "बोर्ड खाली खाली वाटते जी. व्हेज-नॉनव्हेज, पार्किंग, मोबाइल नंबर, सब्बन टाका. अन् लाल करा, मले लाल आवडते." साधं का ठेवलंस, असं मी पोराला विचारलं. तो म्हणाला, "मला चांगलं वाटलं, सर."

दोघांचंही चुकलं होतं, आणि एकाच ठिकाणी. 'डिझाइन म्हणजे ज्याची त्याची आवड' हा गैरसमज ऐकून ऐकून आता कान किटले. आवड घरातल्या पडद्यांसाठी ठेवा. पाटीला काम असतं आणि ते मोजता येतं.

पाटी ज्याच्यासाठी आहे तो मुंबई-कोलकाता महामार्गावरून ताशी 80 किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. वाचायला, ठरवायला आणि वेग कमी करायला त्याला पाच सेकंद तरी द्या. म्हणजे नाव 110 मीटरवरून, साधारण 360 फुटांवरून वाचता आलं पाहिजे. अमेरिकेच्या रस्ताचिन्हांच्या नियमपुस्तिकेत 30 फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर असा किमान हिशेब आहे. त्याने अक्षर बारा इंचांचं झालं. तो हिशेब रोमन अक्षरांचा; आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, त्यांची जागा वेगळी. चार फूट उंचीच्या पाटीत नाव आणि बाण यांपलीकडे उरतं काय? उरलेल्या फटीत दोन इंची मोबाइल नंबर बसवलात, तर तो 60 फुटांवरून दिसेल आणि सेकंदाच्या आत गाडी पुढे गेलेली असेल. नंबर कोणासाठी लिहिला मग? आणि लाल म्हणाल, तर मंद उजेडात लाल काळपट दिसतो.

हे सगळं पोराने सांगायला हवं होतं. त्याचा आराखडा बरोबर होता, समर्थन शून्य.

'विद्यार्थ्याचं काम म्हणजे सराव, त्यात काय तपासायचं?' असंही म्हणतात. खिशातली नोट काढा. ₹ हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी केलं, तेव्हा ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात संशोधक विद्यार्थी होते. क्लायंट होतं भारत सरकार. 2009 च्या स्पर्धेत तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, त्यातून पाच निवडल्या आणि त्या पाच जणांना परीक्षकांपुढे आपापलं चिन्ह मांडावं लागलं. उदय कुमारांकडे प्रत्येक रेषेचं उत्तर होतं: देवनागरी 'र' आणि दांडा नसलेला रोमन आर एकाच आकारात, वर आपली शिरोरेषा, दोन आडव्या रेषा जगातल्या इतर चलनचिन्हांशी नातं सांगणाऱ्या. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. 'मला चांगलं वाटलं' एवढ्यावर ते परीक्षकांपुढे गेले नव्हते.

'क्लायंटला काय कळतं?' हा आमच्या बाजूचा गैरसमज. ढाब्यावर गाड्या रात्री जास्त थांबतात, हे मालकांनीच सांगितलं. पाटीवर दिवा आराखड्यात नव्हता, तो आता आला. 'समर्थन म्हणजे उलट बोलणं' हाही गैरसमज; समर्थन म्हणजे कारण सांगणं.

मालकांना एवढीच विनंती: आराखडा हातात धरून तपासू नका. नावातला एक शब्द खऱ्या मापात फ्लेक्सवर काढून देतो. तो पाटीच्या जागी बांधा, 110 मीटर मागे जा, अंधार पडल्यावर पुन्हा एकदा जा. वाचता आला नाही, तर म्हणाल तो बदल करून देऊ.