तेलवाहू जहाजांतील टाकी-धुलाई

कच्चे खनिज तेल उतरविल्यावर टाक्यांच्या भिंतींना व तळाला मेणयुक्त गाळ चिकटून राहतो. तो साचत गेल्यास मालात तूट येते व जहाजाची वहनक्षमता घटते. पूर्वी टाक्या समुद्राच्या पाण्याच्या झोतांनी धूत. डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ व ‘काँग हॉकोन सातवा’ या तीन महाकाय जहाजांवर अशा धुलाईच्या वेळीच स्फोट झाले. त्यांपैकी ‘मार्पेसा’ बुडाले. पाण्याच्या तुषारांत निर्माण होणारी स्थिर विद्युत् हे त्यांचे संभाव्य कारण मानले गेले. यावरील मुख्य उपाय म्हणजे अक्रिय वायू : बाष्पित्रातून निघणारा धूर पाण्याने धुऊन व थंड करून टाक्यांत भरतात. ऑक्सिजनचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत राहिल्यास ज्वलन होऊ शकत नाही.

अशा सुरक्षित टाकीत, माल उतरवितानाच, त्यातील काही तेल दाबाने भिंतींवर मारतात. पाण्याला दाद न देणारा गाळ तेलात विरघळतो व मालाबरोबर किनाऱ्यावर जातो. मार्पोल कराराच्या १९७८ च्या उपसंधीने २०,००० टन व त्याहून अधिक भारक्षमतेच्या नव्या जहाजांना ही पद्धत सक्तीची केली. तीमुळे बंदरातील मुक्काम लांबतो, हा तोटा मिळणाऱ्या तेलापुढे सहसा क्षुल्लकच असतो. मात्र धुण्याच्या तेलात पाणी असल्यास स्थिर विद्युत् पुन्हा उद्‌भवते. म्हणून ज्या टाकीतून ते घ्यावयाचे तिच्या तळाचा सुमारे एक मीटर थर आधी उपसून काढतात.