पुठ्ठ्याच्या खाचांतून कादंबरी

डोळ्यांना दिसत नसताना कागदावर सरळ ओळ कशी लिहायची? सोव्हिएत लेखक निकोलाय ऑस्त्रोव्स्की यांच्यापुढे १९३० मध्ये हाच प्रश्न होता. त्यांचा जन्म १९०४ चा, युक्रेनमधला. सांध्यांच्या आजाराने त्यांना विशीतच अंथरुणाला खिळवले. पाठोपाठ दृष्टी गेली. त्याआधी लिहिलेल्या पहिल्या कथेचे एकुलते एक हस्तलिखितही टपालात गहाळ झाले होते.

त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. पुठ्ठ्याला ओळीएवढ्या आडव्या खाचा पाडून घेतल्या. त्याखाली कागद ठेवायचा आणि खाच चाचपत पेन्सिल चालवायची. रात्री लिहिलेले घरच्यांनी नंतर उतरून काढायचे. पुढे हात फार दुखू लागले, तेव्हा ते मजकूर सांगत आणि इतर लिहून घेत.

अशा रीतीने ‘पोलाद कसे घडले’ या अर्थाच्या नावाची कादंबरी तयार झाली. १९३२ पासून ती मासिकात छापून आली. तिचा नायक पावेल कोर्चागिनही दृष्टी गमावून लेखनाकडे वळतो. साहजिकच लोक तिला आत्मचरित्र म्हणू लागले. ही कादंबरी आहे, असे लेखक बजावत राहिले. १९३५ मध्ये ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ मिळाला. १९३६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. दुसरी कादंबरी अपुरीच राहिली.

त्यांच्या जिद्दीचे कौतुक खूप झाले. त्यांना हवा होता तो कादंबरीचा वाचक.