वैधव्य, धर्म आणि कुटुंबाचें कर्तव्य

घरांतील कर्ता पुरुष गेला म्हणजे दहा-बारा दिवस घर माणसांनीं भरून जातें. जो तो येतो, ईश्वरेच्छेपुढें इलाज नाहीं असें म्हणतो आणि आपल्या वाटेनें जातो. तेरावा दिवस उलटला कीं ती बाई व तिचीं मुलें एवढींच मागें उरतात. तिचें खरें दुःख त्या दिवशीं सुरू होतें, आणि नेमकी तेव्हांच समाचाराला येणाऱ्यांची रीघ आटते. सांत्वन हें शब्दांत आहे कीं कृतींत, याचा विचार करण्याजोगीं कांहीं उदाहरणें इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या इतिहासांत आहेत. तीं आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यानें हा पंथ काढला. प्रत्येकाच्या अंतःकरणांत ईश्वरी प्रकाश आहे, मग मध्यें उपाध्याय कशाला, हें त्याचें मूळ तत्त्व. जुन्या वळणाच्या क्वेकर सभेंत सर्वजण मुकाट्यानें बसतात, आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल तो, पुरुष असो वा स्त्री, उठून बोलतो. आमच्या व्यापारी वाचकांस हे लोक दुसऱ्या एका कारणानें जवळचे वाटतील. घासाघीस न करितां गिऱ्हाइकास एकच भाव सांगावयाचा, हा त्यांचा बाणा होता; आणि बार्क्लेज बँक व कॅडबरीचा कारखाना यांचीं मुळें याच पंथाच्या कुटुंबांत आहेत.

त्या काळच्या लँकाशायर परगण्यांत अल्व्हर्स्टन गांवाजवळ स्वार्थमूर हॉल नांवाचा वाडा आहे. तेथील न्यायाधीश टॉमस फेल यांच्या पत्नी मार्गारेटबाई १६५२ सालीं फॉक्सचा उपदेश ऐकून या पंथांत आल्या. पति स्वतः पंथांत शिरले नाहींत. परंतु सभेस आपला वाडा त्यांनीं मोकळा करून दिला व आपल्या वजनाचें छत्र तिच्यावर धरिलें. १६५८ सालीं ते वारले. मागें सात मुली, एक मुलगा आणि छळास तोंड देणारा पंथ, असा संसार मार्गारेटबाईंवर पडला. १६६४ सालीं, घरीं सभा भरविल्या व राजनिष्ठेची शपथ घेतली नाहीं, म्हणून त्यांस जन्मठेप व मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा झाली. त्यांतील सुमारें चार वर्षें त्या लँकेस्टरच्या किल्ल्यांत कैदेंत होत्या.

या काळांत त्यांना धीर कोणीं दिला? मुलींनीं. वाडा चालविला मुलींनीं, आणि त्यांतील सभा बंद पडूं दिली नाहीं तीही मुलींनीं. स्त्रियांस धर्मसभेंत बोलण्याचा अधिकार आहे, हें सांगणारें मार्गारेटबाईंचें प्रसिद्ध पुस्तक १६६६ सालचें, म्हणजे याच बंदिवासांतलें. दुःखितास रडण्यास खांदा हवा हें खरें. पण त्याहून अधिक, त्याच्या हातांत काम राहिलें पाहिजे.

वैधव्यास अकरा वर्षें झाल्यावर, १६६९ सालीं ब्रिस्टल येथें, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं फॉक्सशीं पुनर्विवाह केला. त्या वेळीं इंग्लंडच्या कायद्यानें पत्नीच्या मिळकतीवर पतीचा ताबा बसे. फॉक्सनें आधीं बाईंच्या मुलींस व जांवयांस बोलावून विचारिलें, तुमची संमति आहे काय, आणि तुमच्या हिश्शाची व्यवस्था झाली आहे काय? बाईंच्या मालमत्तेस आपण हात लावणार नाहीं हेंही त्यानें स्पष्ट केलें. विधवेनें पुनर्विवाह करण्यापूर्वीं पहिल्या मुलांची तरतूद करावी, असा या पंथाचा दंडकच होता. एकुलता मुलगा मात्र आईच्या विरुद्ध गेला व मिळकतीसाठीं त्यानें तिला त्रास दिला. एका रक्ताचीं मुलेंही सारखीं निपजत नाहींत! मुली मात्र आईच्या बाजूस राहिल्या.

१६९१ च्या जानेवारींत फॉक्स लंडनमध्यें वारला. मार्गारेटबाई तेव्हां दूर स्वार्थमूरला होत्या. पेनसिल्व्हेनिया वसविणारा विल्यम पेन यानें त्याच दिवशीं स्वतः पत्र लिहून त्यांस ती वार्ता कळविली. बाईंचें वय तेव्हां शहात्तर. पुढें १७०२ सालीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत धाकटी मुलगी रेचेल व तिचा पति त्याच वाड्यांत त्यांच्याजवळ राहत होतीं.

पुरुषाच्या दुःखाचेंही एक उदाहरण घ्या. धान्यावरील जकातीविरुद्ध झगडणारे जॉन ब्राइट हे क्वेकर गृहस्थ. त्यांची पत्नी एलिझाबेथ १८४१ सालीं क्षयानें गेली, तेव्हां मुलगी हेलन एक वर्षाचीही झाली नव्हती. ब्राइट यांच्या भगिनी प्रिसिला यांनीं येऊन घर व मूल दोन्ही सांभाळिलें. त्याच दिवसांत रिचर्ड कॉब्डेन भेटीस आले. ते पंथाबाहेरचे; पण त्यांचा बोध क्वेकरास शोभणारा होता. आज देशांत हजारों घरांत बायकामुलें भुकेनें मरत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरला म्हणजे माझ्याबरोबर चला, असें ते म्हणाले. ब्राइट गेले, आणि १८४६ सालीं ती जकात रद्द झाली.

हा पंथ निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. पंथाबाहेर लग्न करणारास ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाळींत टाकीत. प्रिसिलाबाईंनाही १८४८ सालच्या विवाहामुळें तोच अनुभव आला. परंतु विधवेविषयीं त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शोकाचा वेष चढविणें त्यांस मान्य नव्हतें. १७१७ सालीं तर थडग्यांवर दगड उभारण्यासही त्यांच्या वार्षिक सभेनें मनाई केली. मृताच्या नांवानें डामडौल नको आणि मागें राहिलेल्यांच्या अंगावर दुःखाची खूणही नको, असा याचा अर्थ. दुसरीकडे गरीब विधवांची व पोरक्या मुलांची विचारपूस करणें हें त्यांच्या स्त्रीसभांचें नेमलेलें काम होतें.

आमच्याकडे १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाहास मोकळीक दिली; पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्यानें काढून घेतला. एका हातानें द्यावें व दुसऱ्यानें घ्यावें, तसें तें झालें. बांगड्या फोडणें, कुंकूं पुसणें या चाली बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें केला तो २०२२ सालीं. ठरावाचें आम्ही स्वागतच करतों. पण ठराव चावडीवर होतो आणि चाल घरांत असते.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, समाचारास बाराव्याच्या आंत जा, पण चौदाव्या दिवशीं पुन्हां जा. दुकानाची वही तिच्यापुढें उघडा, येणें किती व देणें किती हें तिला नीट समजावून द्या, आणि जेथें सही हवी तेथें ती वाचून मगच करूं द्या. घरांतील मंगलकार्यांत तिला मागें बसवूं नका. ज्या घरांत हें होतें तेथें सांत्वनाचे शब्द थोडे असले तरी चालतात. ज्या घरांत तें होत नाहीं तेथें कितीही शब्द बोलले तरी ते त्या बाईच्या उपयोगाचे नाहींत.