‘जैत रे जैत’ ऐकायचं कुठे?

आसनगाव स्टेशनातून माहुलीकडे निघालं की भटोबा, नवरा, नवरी हे सुळके दिसू लागतात. पायथ्याला ठाकर आदिवासींच्या वाड्या. ‘जैत रे जैत’ची गाणी ऐकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. खरं तर गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला लिंगोबाचा डोंगर कर्नाळ्याचा, पनवेलकडचा. पण डोंगर दुसरा असला तरी माणसं तीच. शहापूर, मुरबाड, कर्जत, ठाकर सगळीकडे.

त्या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा चित्रपट १९७७ सालचा. नाग्या-चिंधी, म्हणजे मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, यांना तासभर बाजूला ठेवा आणि गाणी सलग ऐका, एका कवीचा आणि एका संगीतकाराचा अल्बम समजून. शब्द ना. धों. महानोरांचे, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. चंद्रकांत काळे आणि रवींद्र साठे गोष्ट गातच पुढे नेतात, त्यामुळे पडदा नसला तरी काही अडत नाही.

महानोर ठाकर नव्हते, या मुलखातलेही नव्हते. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी. ‘रानातल्या कविता’ १९६७ सालच्या. पाऊस त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलेला, आणि त्याची वाटही. तोच पाऊस त्यांनी ठाकरांच्या डोंगरावर आणला. म्हणून यातली बोली ठाकरी नाही, ती महानोरांची आहे. वाडीतलं बोलणं कानावर असलेल्याला हे लगेच कळतं. बॉब डिलनने अमेरिकी लोकगीतांच्या वळणावर स्वतःचं बोलणं बांधलं, त्याच जातीचं हे काम. याला लोकगीत म्हणू नये. त्याने त्याची किंमत कमी होत नाही.

वाडीवरचं गाणं नाचाचं. एकाने ओळ टाकायची, रिंगणाने ती उचलायची, पाय थकेपर्यंत. हृदयनाथांनी नेमकी ही देवाणघेवाण पकडली. त्यांचा कोरस शोभेपुरता मागे गुणगुणत नाही, एकट्या गळ्याला उत्तर देतो. आशा भोसलेंचं ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ पाठ असेल तर आता शब्द सोडा आणि एकदा नुसत्या ठेक्यामागे जा. एक उणीव मात्र मला सलते: ज्यांची ही गोष्ट, त्या ठाकरांच्या गळ्यांची नावं गायकांत नाहीत.

तेव्हा पावसाळ्यात माहुलीला किंवा मुरबाडवरून माळशेजला गेलात आणि एखाद्या वाडीत ढोल वाजत असला, तर फोन खिशात ठेवा. आधी तो ऐका. रेकॉर्ड घरी आहेच.